पडलेलं नाटक, पुन्हा एकदा

मी आंजीच्या शाळेत शिकवायला लागले तेव्हा माझं लग्न होऊन दोनेक वर्षं झाली होती. सत्तरचं दशक सरत आलं होतं. आम्ही वर्ध्याला लागूनच असलेल्या नालवाडीला राहायचो. नवरा बस डेपोत मेकॅनिक, सासूबाई घरी, आणि मी सकाळच्या गाडीने आंजीला जाऊन संध्याकाळच्या गाडीने परत. लग्नाआधी मी थोडंफार गाणं शिकले होते. आता ते बसपुरतंच उरलं होतं. खिडकीची जागा मिळाली आणि गाडीचा आवाज पुरेसा मोठा असला, की मी गुणगुणायचे.

आमच्या शाळेतले मराठीचे सर वर्ध्याहून त्याच गाडीने यायचे. चाळिशी ओलांडलेले, अविवाहित, मोठ्या बहिणीबरोबर राहणारे. स्नेहसंमेलनासाठी ते दरवर्षी एखादी नाटिका लिहायचे, पण त्यांचा जीव मोठ्या संगीत नाटकात अडकलेला होता. एक दिवस ते मागच्या सीटवरून पुढे वाकून म्हणाले, "बाई, मला गाणारी आई पाहिजे."

मला आधी काही कळलंच नाही. मग त्यांनी आंजी येईपर्यंत सगळं नाटक सांगितलं.

जेठ महिन्यातला शेवटचा मुहूर्त. नदीच्या अलीकडे मांडव, पलीकडे येऊन थांबलेली वरात, आणि मध्ये अचानक आलेला पूर. लग्न लागणार कसं? सगळं नाटक दोन काठांवरून ओरडून, भांडून आणि गाऊन व्हायचं. रंगमंचाच्या डाव्या बाजूला मुलीकडचे, उजव्या बाजूला मुलाकडचे, आणि मधोमध निळ्या कापडाची नदी. शाळेतले दोन शिपाई दोन टोकांना बसून ते कापड हलवणार. सुरुवातीलाच सगळ्यांनी मिळून म्हणायचं एक गाणं होतं, 'अलीकडे शिजला भात, पलीकडे बसली वरात.' सरांनी ते मला बसमध्येच म्हणून दाखवलं. त्यांचा आवाज अगदीच बेसूर होता आणि कंडक्टर वळून वळून बघत होता, पण मला नाटक आवडलं. मी नवरीची आई व्हायचं होतं. वय सव्वीस होतं माझं, पण त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

घरी सासूबाईंना विचारायला मी दोन दिवस घाबरत होते. त्यांनी ऐकून घेतलं, सुपातले तांदूळ निवडत राहिल्या, आणि म्हणाल्या, "मले पाहाले नेशीन त जाय."

गाण्यांना चाली लावल्या त्या आंजीच्या बँकेतल्या साहेबांनी. तिशीतला, टापटीप राहणारा, जरा तोऱ्यातला माणूस. हिंगणघाटकडच्या बौद्ध कुटुंबातले होते ते. त्यांचे वडील गायन पार्टीत पेटी वाजवायचे आणि साहेब लहानपणापासून त्यांच्या शेजारी बसून शिकले होते. दर रविवारी आम्ही शाळेच्या लांब खोलीत जमायचो. साहेब पेटी सायकलच्या कॅरिअरला बांधून आणायचे आणि दुसऱ्या कुणाला तिला हात लावू द्यायचे नाहीत. चाल बसली नाही तर रागवायचे, बसली की डोळे मिटून म्हणायचे, "हां, आता झालं पाहा बरोबर."

दुसऱ्या अंकात माझी लागोपाठ चार गाणी होती. वरात येत नाही, मुहूर्त टळत चालला आहे, आणि आई उंबऱ्यावर बसून मुलीच्या काळजीने गाते. त्यातलं चौथं सगळ्यात संथ होतं. त्याची चाल साहेबांनी त्यांच्या आईच्या तोंडी ऐकलेल्या जात्यावरच्या गाण्यावरून बांधली होती. सरांच्या मते त्यांनी आयुष्यात लिहिलेले सगळ्यात चांगले शब्द त्या गाण्यात होते. मला विचाराल तर मलाही ते गाताना स्वतःचा आवाज फार आवडायचा. तालमीत ते संपलं की साहेब पेटीवर शेवटचा सूर धरून ठेवायचे. बाहेरच्या कडुनिंबावर साळुंक्या तेवढ्या कलकलत असायच्या. ते रविवार मला अजून हवेसे वाटतात. कुणाच्या तरी घरून आलेला चिवडा, शिपायांनी चुलीवर केलेला गूळ घातलेला चहा, आणि एकच ओळ वीस वेळा म्हणून सगळ्यांना आलेलं हसू.

नवरदेवाचा मामा झाला होता आमचा चित्रकलेचा मास्तर. पलीकडच्या काठावरून तो पुराकडे बघतो आणि मुलीकडच्यांना ओरडून म्हणतो, "पाहुण्यायचे पाय धुवाले एवढं पाणी सोडलं काय जी?" हे वाक्य आलं की दरवेळी आम्ही हसायचो, जणू पहिल्यांदाच ऐकतो आहोत.

त्या साली भादव्यात पाऊस थांबायलाच तयार नव्हता. धाम नदीला पूर आला, ओढेनाले गावांत शिरले. नदीकाठच्या वावरांतली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आठ-आठ दिवस पाण्यात उभी राहून पिवळी पडली. काही ठिकाणी वरची मातीच वाहून गेली. आंजीच्या पुढच्या एका खेड्यात गोठ्यातली जनावरं गेली. माझ्या वर्गातली तिकडची मुलं कितीतरी दिवस आली नाहीत, आणि आली तेव्हा त्यांच्या दप्तरांना चिखलाचा वास होता.

सरांनी प्रयोग ठरवला होता तो दसऱ्यानंतर लगेच. त्याचं कारण साधंच होतं. देवीचा मांडव उभा असायचा, मंडळवाले तो एक दिवस जास्त ठेवायला तयार होते. साहेब एकदा म्हणाले, "सर, दिवाळीनंतर करू. लोकायचं मन जाग्यावर नाई."

"दिवाळीनंतर मांडव कोण देणार?" सर म्हणाले. "आणि लोकांनी एवढं सोसलं, त्यांना जरा हसायला नको का?"

साहेबांना ते पटलं. मलाही पटलं. आम्ही महिनोन् महिने तयारी केली होती. अशा वेळी पुढे जायला सांगणारं कुठलंही कारण पटतं.

लोक खूप आले. आसपासच्या खेड्यांतून बैलगाड्या आल्या होत्या. सतरंज्या भरून लोक मांडवाबाहेर उभे होते. सासूबाई पहिल्या रांगेत, नवी नऊवारी नेसून. माझा नवरा पडदा ओढायला होता. पडदा सरकला, भाताचं आणि वरातीचं गाणं झालं, थोड्या टाळ्या पडल्या. मग शिपायांनी निळं कापड हलवायला सुरुवात केली.

मांडवात एकदम शांतता झाली. मला आधी वाटलं, लोक रंगलेत. मग मामा पुढे आला आणि पाय धुण्याचं वाक्य म्हणाला.

कोणी हसलं नाही. मामा थोडा थांबला आणि, वाक्य नीट ऐकू गेलं नसेल असं समजून, आणखी मोठ्याने पुन्हा म्हणाला. पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या माणसाने मान खाली घातली आणि तो पायाच्या अंगठ्याने सतरंजी टोकरत राहिला. एका बाईने मांडीवरचं पोर उचललं आणि वाकून, कोणाला आड न येता, ती बाहेर निघून गेली. तिच्यामागे दोघी-तिघी गेल्या. मग पुरुष उठले. कोणी शिट्टी मारली नाही, कोणी खडा टाकला नाही. टाकला असता तर बरं वाटलं असतं. कुणाच्या घरी मयतीला जाऊन उठावं तसे लोक उठत होते.

दुसऱ्या अंकात माझी चार गाणी मी रिकाम्या सतरंज्यांकडे बघत म्हटली. मंडळाची पोरं, आमच्या घरची माणसं आणि बैलगाडीला सोबत मिळेना म्हणून अडकलेले काही लोक, एवढेच राहिले होते. तरीही आम्ही एकही ओळ न गाळता नाटक शेवटापर्यंत केलं. सरांनी सगळ्यांना हात जोडले. चेहरा असा होता, की कोणी त्यांच्याजवळ गेलं नाही.

दोन-तीन दिवसांनी ते आमच्या घरी आले. बरोबर साहेबही होते. चहा झाला. सासूबाई भाकरी थापत होत्या. सरांनी त्यांना विचारलं, "आई, तुम्ही शेवटपर्यंत बसल्या होता. कसं वाटलं?"

"पाण्याचं नाटक पाण्याच्या साली काऊन केलं तुमी?" त्या म्हणाल्या.

सरांनी मान हलवली. "खरं आहे. वेळ चुकली."

सासूबाईंनी भाकर तव्यावर टाकली. "अन् एक सांगू काय? पाणी नसतं आलं तरी मले झोप आली असती. हे गाऊनच राह्यली, गाऊनच राह्यली. मायले पोरीची काळजी असन त ते उठून काही करन नाई काय? बसून चार-चार गाणे म्हनन?"

सर हसले. "आई, ते संगीत नाटक आहे. त्यात माणसं काळजी गाऊनच करतात."

"असन बा," म्हणून त्या पुन्हा परातीकडे वळल्या. साहेबांच्या कपाळावर मात्र आठी पडली होती. माझ्याही पडली असणार. गाणी लांबली असं आमच्यापैकी कोणालाच वाटत नव्हतं. सरांचे शब्द, साहेबांची चाल आणि माझा आवाज. दोष पावसाचा, हे आम्हां तिघांच्याही सोयीचं होतं.

त्यानंतर हा विषय आमच्यात कित्येक वर्षं चालला. शाळा सुटली की आम्ही बसथांब्यावरच्या चहाच्या टपरीवर थांबायचो, साहेबही बँक बंद करून यायचे. चहा आला की सर म्हणायचे, "हे नाटक फाल्गुनात करायचं होतं." साहेब म्हणायचे, "अन् उजेड असताना. लोकायले शेवटची गाडी भेटली पाहिजे." कापूस घरात आलेला, गहू-हरभरा निघालेला, लग्नसराई तोंडावर, म्हणजे लग्नाचं नाटक बघायला मन तयार. सर हे सगळं इतक्या प्रेमाने सांगायचे, की ऐकता ऐकता गाडी यायची आणि आम्हाला धावावं लागायचं.

पण फाल्गुन यायचा आणि जायचा. एका वर्षी मला मुलगी झाली. एका वर्षी सरांच्या बहिणीचं मोठं आजारपण निघालं. पुढच्या वर्षी चित्रकलेच्या मास्तरांची बदली झाली. नंतर वर्ध्यात एकेकाच्या घरावर टीव्हीचा अँटेना दिसायला लागला तेव्हा सरांना घाई झाली. म्हणाले, "आता नाही केलं तर सतरंजीवर बसायला माणूस मिळणार नाही."

ऐंशी साल उलटून गेलं होतं. त्या वर्षी सरांनी प्रयोगाची वेळ अशी काढली, की लग्नाचा मुहूर्त काढणाऱ्यानेही इतकं पाहिलं नसतं. बाजाराचा दिवस कोणता, कुठल्या गावची जत्रा आहे का, परीक्षा कधी, कोणाकडे साखरपुडा आहे, हे त्यांनी गावात फिरून विचारलं. होळी झाल्यावरचा एक दिवस ठरला. संध्याकाळी पाचला सुरू, शाळेच्या पटांगणात. नाटकातला मात्र एक शब्दही त्यांनी बदलला नाही. "नाटक तेच ठेवायचं," ते म्हणाले. "नाहीतर वेळेचा फरक कसा कळणार?" मामाच्या कामाला बदली झालेले मास्तर दुसऱ्या तालुक्यातून रजा टाकून आले. शिपाईही तेच होते, फक्त एकाचे केस पांढरे झाले होते.

ती संध्याकाळ मला लख्ख आठवते. ऊन उतरलं होतं, कडुनिंबाला नवी पालवी आली होती, आणि तिरप्या उजेडात ते निळं कापड असं चमकलं, की पुढची पोरं "पाणी, पाणी" करून ओरडली. मामा पुढे आला. "पाहुण्यायचे पाय धुवाले एवढं पाणी सोडलं काय जी?"

पटांगण हसलं. बायका पदर तोंडाला लावून हसल्या, झाडावर चढलेले हसले. मामाला पुढचं वाक्य म्हणायला थांबावं लागलं. सरांनी विंगेत माझ्या नवऱ्याचा हात घट्ट धरला, तो त्याला पडदा ओढायच्या वेळेलाच सोडवून घ्यावा लागला. पहिला अंक असा गेला, की मधल्या वेळात आम्ही एकमेकांकडे बघून नुसते हसत होतो. सर चहाचा कप हातात धरून म्हणाले, "बघा. नाटकात काही दोष नव्हता."

दुसरा अंक सुरू झाला. मी उंबऱ्यावर बसले. पहिलं गाणं लोकांनी मन लावून ऐकलं. दुसऱ्याला पुढच्या बायका आपसांत बोलायला लागल्या, रागाने नाही, आपल्या घरच्या गोष्टी. तिसऱ्याला कोणीतरी मोठ्याने जांभई दिली. बायकांनी झोपाळलेली पोरं खांद्यावर घ्यायला सुरुवात केली. मागच्या बाजूची माणसं धोतर झटकत उठत होती. त्या साली पूर नव्हता. लोकांची पोटं भरलेली होती, घरात धान्य होतं, हवा छान होती. तरी लोक उठत होते, आणि सासूबाईंची भाकर मला आठवली.

साहेब रंगमंचाच्या खाली डाव्या अंगाला पेटी घेऊन बसले होते. ते पेटीकडे बघत नव्हते, लोकांकडे बघत होते. तिसरं गाणं संपलं. आता चौथं, त्यांच्या आईचं. त्यांची बोटं त्या पहिल्या सुरावर गेली आणि तिथेच थांबली. त्यांनी वर माझ्याकडे पाहिलं. मग एकदम दोन विहिणींच्या भांडणाच्या गाण्याची सुरावट त्यांनी जोरात वाजवली.

तबलजी क्षणभर गोंधळला आणि मग त्याने ठेका पकडला. मी उंबऱ्यावरून ताडकन उठले आणि नदीकाठी गेले. पलीकडची विहीण अजून विंगेत चहा पीत होती. तिला कोणीतरी ढकललं आणि ती कपबशी हातात घेऊनच काठावर आली. लोकांना वाटलं ते नाटकातच आहे. मुलीची आई रडून राहिली आणि विहीणबाई चहा पीत आहेत, हे बघून असा हशा उठला, की उभे राहिलेले लोक तसेच थांबले, आणि मग एकेक करून खाली बसले. तिथून शेवटपर्यंत नाटक पळालं.

सगळं आटोपल्यावर सर आणि शिपाई कापडाची घडी करत होते. साहेब पेटीचा भाता बंद करत होते. सर घडीकडे बघतच म्हणाले, "चौथं गाणं का सोडलं?"

"लोकं उठत होते, सर."

"तुमचं सगळ्यात आवडतं होतं ते."

"हो."

"माझंही."

"मले माहीत हाये जी," साहेब म्हणाले.

सर घडीवर घडी घालत राहिले. ते साहेबांवर रागावले असतील असं मला वाटलं. तेवढ्यात सासूबाई नातीचा हात धरून आल्या. सरांनी त्यांना विचारलं, "आई, आज झोप आली का?"

"तिसऱ्या गाण्याले आली होती," त्या म्हणाल्या. "मंग भांडण लागलं त जागी झाली."

सर हसले, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. म्हणाले, "दुसरं आणि तिसरंही काढून टाकू. एकच ठेवू." मग मला म्हणाले, "बाई, तुम्हाला वाईट वाटेल." वाटलं होतंच. पण त्या दिवशी नदीकाठी धावताना लोकांचे डोळे माझ्याबरोबर धावले होते, ते मी चार गाण्यांत कधी अनुभवलं नव्हतं.

पुढची दोन-तीन वर्षं ते नाटक आम्ही जवळपासच्या गावांत केलं. पवनारकडच्या एका गावात फार रंगलं. एका ठिकाणी शेजारीच कोणाच्या घरी टीव्हीवर सिनेमा लागला होता आणि अर्धं गाव तिकडे होतं. एका ठिकाणी ऐन वेळी नवरीला ताप आला. एकाच गाण्याचं नाटकही प्रत्येक वेळी उभं राहिलंच असं नाही. कधी राहिलं, कधी नाही. पण तेव्हा कोणी फार मनाला लावून घेतलं नाही.

मग साहेबांची बदली मराठवाड्यात झाली. त्यांना पोचवायला सर आणि मी वर्धा स्टेशनवर गेलो होतो. सामान आधीच ट्रकने गेलं होतं, बायको-मुलं डब्यात बसली होती, आणि पेटी साहेबांनी स्वतःच्या मांडीवर घेतली होती. खिडकीशी उभे राहून सरांनी पुन्हा तोच विषय काढला.

"पहिला प्रयोग फाल्गुनात केला असता तर नाटक तेव्हाच उभं राहिलं असतं."

"नसतं राह्यलं," साहेब म्हणाले. "लोकं अर्धं हसले असते, अर्धं झोपले असते, टाळ्या वाजवून घरी गेले असते. आपन खूश. चारही गाणे अजून तसेच राह्यले असते."

"पण लोक दसऱ्याला उठले ते पाण्यामुळे. गाण्यांमुळे नाही."

"होळीले कायनं उठले मंग?"

"होळीला ते आले तरी होते ना हसायला. गाणी काढली असती आणि दसऱ्यालाच केलं असतं, तरी नाटक पडलंच असतं. आधी वेळ, मग बाकीचं."

साहेब काही म्हणणार तोच गाडी हलली. सर खिडकीबरोबर चालायला लागले, बोलतच. साहेबांनी आतून वाकून काहीतरी उत्तर दिलं. चाकांच्या आवाजात ते आम्हाला ऐकू आलं नाही.

"काय म्हणाले?" सरांनी मला विचारलं.

"ऐकू नाही आलं, सर."

शेवटचा डबा जाईपर्यंत आम्ही उभे राहिलो. बाहेर आल्यावर रिक्षा न करता पायीच निघालो. सर मला नालवाडीपर्यंत सोडायला आले. साहेब काय म्हणाले असतील याचा एकेक अंदाज ते वाटेत करत होते, आणि प्रत्येकाला आपलं उत्तर देत होते.